दुसरा भाग खालच्या आळीला

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून पुस्तकं द्यायची, असं पंकजाने जाहीर केलं तेव्हा छबूबाई चुलीपुढे तीळ भाजत होत्या. त्यांचा हात कढईतच थांबला.

"पुस्तकं? आन् बायांनी ती कशात ठिवायची?"

"ठेवायची नाहीत आई, वाचायची. घरातल्या मुलांसाठी आहेत. विज्ञानाची. चित्रं आहेत, करून बघायच्या गोष्टी आहेत."

"गेल्या साली साबनाच्या डब्या दिल्या हुत्या. बाया अजून नाव काढत्यात."

"साबणाच्या डब्या घरोघरी ढीगभर झाल्यात आता."

"हुंदे की. साबन काय एकच असतोय व्हय?"

पंकजा मूळची नगरची. लग्न होऊन काष्टीत आली आणि श्रीगोंद्याच्या एका शाळेत शिकवायला जाऊ लागली. वर्गातली मुलं प्रश्न विचारत नाहीत, हे तिचं मोठं दुःख होतं. ढग वर कसे राहतात, असं तिनेच विचारावं आणि तिनेच उत्तर द्यावं, अशी परिस्थिती होती. म्हणून नगरच्या पुस्तक प्रदर्शनातून तिने पुस्तकांचे संच आणले. एका संचात दोन भाग. पहिल्याचं नाव 'खोलून बघू'. त्यात बॅटरी, कुलूप, सायकलची घंटी, भिंतीवरचं घड्याळ आणि सगळ्यात शेवटी शिलाई मशीन कसं खोलायचं आणि आत काय काय असतं, हे चित्रांसकट दिलं होतं. दुसऱ्याचं नाव 'जोडून बघू'. त्यात तेच सगळं पुन्हा जागच्या जागी कसं बसवायचं, ते होतं. छापणाऱ्याने दोन्ही भाग दोऱ्याने घट्ट बांधून दिले होते. त्या दोऱ्यात किती शहाणपण होतं, हे पुढे कळलं.

पंकजाने आणलेले संच जवळच्या वीस बायकांना पुरले असते. पण सुनेचं पहिलंच हळदीकुंकू म्हणून छबूबाईंनी वरची आळी आणि खालची आळी, दोन्हींकडे बोलावणं धाडलं, आणि बायका आल्या जवळजवळ दुप्पट. पंकजा स्वयंपाकघरात मसाल्याचं दूध गाळत होती. बाहेर छबूबाईंनी बायका मोजल्या, गठ्ठे मोजले आणि क्षणात निर्णय घेतला. एकीला जोडी आणि दुसरी रिकाम्या हाताने घरी, असला प्रकार त्यांच्या घरात कधी झाला नव्हता. त्यांनी कात्री घेतली आणि कचाकचा दोरे कापले.

आता बसण्याची व्यवस्था सांगायला हवी. खिडकीकडच्या भिंतीला वरच्या आळीच्या बायका, म्हणजे छबूबाईंच्या बाजूच्या. दाराकडच्या भिंतीला खालच्या आळीच्या, म्हणजे भीमाबाईंच्या बाजूच्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण काष्टीत ते सगळ्यांना माहीत होतं. छबूबाईंनी एक गठ्ठा खिडकीकडच्यांना वाटला, दुसरा दाराकडच्यांना.

पंकजा पेल्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आई, ती जोडीची पुस्तकं होती!"

"मग जोडीनंच दिलीत की. निम्म्यांना ही, निम्म्यांना ती."

भीमाबाई म्हणजे छबूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. दोघींची घरं एका भिंतीची, भिंतीअलीकडे वरची आळी आणि पलीकडे खालची, आणि बोलणं मात्र कैक वर्षं बंद. कारण होतं एक कुडी. अशाच एका संक्रांतीला भीमाबाईंनी नक्षी बघायला म्हणून छबूबाईंच्या कानातली सोन्याची कुडी हातात घेतली होती. बघून परत दिली, तेव्हा कुडी होती पण मागची फिरकी नव्हती. "तुझ्या हातात दिली तवा हुती," एवढंच छबूबाई म्हणाल्या. एवढंच, पण चारचौघींत. भीमाबाई उठल्या त्या उठल्याच.

खरं तर गावातल्या सोनाराने अर्ध्या दिवसात नवी फिरकी करून दिली असती. पण छबूबाईंनी ती केली नाही. त्या कुडीमागे सायकलच्या व्हॉल्वट्यूबचा काळा तुकडा लावून त्या मिरवू लागल्या. हळदीकुंकवाला एकमेकींना टाळणं बरं दिसत नाही, म्हणून दरवर्षी दोघी एकमेकींकडे जात, कुंकू लावत, वाण घेत आणि अवाक्षर न बोलता परत येत. कुंकू लावून घेताना छबूबाई मान अशी वळवत, की व्हॉल्वट्यूब बरोबर भीमाबाईंच्या नाकासमोर यावी. यंदाही त्यांनी ती वळवली.

त्या दिवशी वरच्या आळीची एक बाई आली नाही, म्हणून 'खोलून बघू'ची एक प्रत उरली. ती दिवाणावर पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राधाकृष्ण आण्णांच्या हाती लागली.

आण्णा म्हणजे छबूबाईंचे यजमान. उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. काटा एवढा अवाढव्य, उसाची बैलगाडीच काय, भरला ट्रकही तोलणारा. पण त्याच्यावर पाटी होती, 'हात लावू नये'. आण्णांनी निवृत्त होईपर्यंत लावला नाही. त्याही आधी, लहानपणी, त्यांनी वडिलांच्या रेडिओचं मागचं झाकण काढलं होतं, आत गाणारी माणसं कुठं बसतात ते बघायला. त्याबद्दल जो मार बसला, तो त्यांना रेडिओवरच्या कुठल्याही गाण्यापेक्षा नीट आठवत होता. आता पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'आत काय आहे, हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.' आण्णांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठले.

बॅटरी खोलली आणि जमली. सायकलची घंटीही जमली. कुलपातली स्प्रिंग उडून माळ्यावर गेली ती गेलीच. आण्णांनी कुलूप गुपचूप गोठ्यात टांगलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी आठवणीने जोडलं. ते चालू लागलं, फक्त मोठा काटा लहान काट्याला धक्का मारून पुढे जायचा.

"चालतंय का न्हाई?" आण्णा म्हणाले.

"चालतंय, पण आण्णा, दर तासाला भांडतंय," पंकजा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं. शाळेतली मुलं नाही, तर निदान सासरे तरी प्रश्न विचारू लागले होते.

आठवडाभराने छबूबाई माहेरी, पुणतांब्याला गेल्या. भाचीचं डोहाळजेवण होतं. दोन दिवस राहून येणार होत्या. रविवारचा दिवस, पंकजाचा नवरा सुनील सुप्याला कंपनीत शिफ्टवर गेलेला. पंकजा गच्चीवर धुणं वाळत घालून खाली आली आणि मधल्या खोलीत बघते तो काय! गोधडी अंथरलेली, गोधडीवर छबूबाईंचं शिलाई मशीन, म्हणजे पूर्वी जे मशीन होतं ते. आता चाक एकीकडे, दांडे एकीकडे, आणि जेवायच्या ताटात शेंगदाण्यांसारखे स्क्रूच स्क्रू. मधोमध आण्णा मांडी घालून बसले होते. कोपरापर्यंत काळे आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आण्णा! हे काय केलंत?"

"अगं, ह्याच्यात खडखड हाय किती वर्सं. श्रीगोंद्याचा मेकॅनिक म्हनला, मशीन म्हातारं झालं. म्हनलं, आपुन बघू. ती येईपर्यंत खडखड काढून ठिवतो. खूस हुईल."

"आईंचं माहेरचं मशीन आहे ते! त्या मला पुसूसुद्धा देत नाहीत."

ही गोष्ट खरी होती. छबूबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेलं ते मशीन. खडखड ऐकून कुणी 'खोलून बघू का' म्हटलं, की छबूबाई म्हणत, "हात लावला तर बघा." घरात दोन गोष्टींना हात लावायचा नाही असा नियम होता: देव्हारा आणि मशीन. देव्हाऱ्याच्या बाबतीत थोडीफार सवलत होती.

"पुस्तकात लिहिलंय ना," पंकजाने पान उघडून दाखवलं, "'मोठ्यांना विचारूनच खोला.'"

"वाचलं की मी. घरात मोठं कोन हाय? मीच. मग मी मला विचारलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलो, खोल."

 पंकजाने शेवटचं पान उलटलं. तिथे एक हसरा मुलगा अंगठा दाखवत होता आणि खाली लिहिलं होतं: 'शाब्बास! आता हे सगळं पुन्हा जसंच्या तसं कसं जोडायचं? त्यासाठी वाचा: जोडून बघू.'

आण्णांनी पान इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"हे दुसरं कुटंय?"

"खालच्या आळीत," पंकजा म्हणाली. "सगळेच्या सगळे."

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. छबूबाई.

"पंकजे, मी निघालेय गं. सुनीलच्या मामाची गाडी दौंडाला चाललीय, काष्टीवरनंच जानार. म्हनलं, त्येच्यातच येते. आत्ता नगर सोडलं."

"अहो आई, उद्या येणार होतात ना? राहा की निवांत."

"कशाचं निवांत! शेजारच्या सायलीचं ब्लाऊज शिवून द्यायचंय, उद्या सकाळी लग्नाला जायचीय पोरगी. जीव नुसता टांगनीला लागलाय. आल्या आल्या मशीनवरच बसते. चहा तेवढा ठिव."

फोन बंद झाला. आण्णांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर ताटात पडला. इतका वेळ लहान मुलासारखा दिसणारा माणूस एकदम त्याच्या वयाचा दिसू लागला. "गेलं," ते हळूच म्हणाले. "तिच्या बापानं दिलेलं मशीन गेलं, पंकजा. ती मला काय बी म्हननार न्हाई. नुस्ती रडंल. त्येचंच भ्या वाटतंय."

मेकॅनिकला फोन लावला, तर तो म्हणाला, "उद्या बघू, आज रविवार आहे." मोबाईलवर व्हिडिओ शोधला, तर त्यातला माणूस तमिळमध्ये समजावत होता आणि त्याचं मशीन विजेवर चालणारं होतं. पुस्तकातलं चित्र मात्र हुबेहूब याच मशीनचं होतं. पंकजाने चपला पायात सरकवल्या आणि ती खालच्या आळीकडे धावली.

पहिल्या घरी 'जोडून बघू' होतं, पण ते कपाटाच्या एका पायाखाली होतं आणि कपाट ज्वारीच्या कोठीला टेकवलेलं होतं. "काढलं तर समदं खाली यील," घरमालकीण म्हणाली, "पन वाण लई कामाला आलं बघ." दुसऱ्या घरच्या बाईने ते वाण तसंच्या तसं आपल्या भंडारदऱ्याच्या बहिणीला वाण म्हणून दिलं होतं, आणि बहिणीने पुढे कुणाला दिलं ते विचारायला डोंगरात रेंज नव्हती. तिसऱ्या घरी पुस्तक पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली घेऊन बाई मळ्यात कांदे काढायला. चौथ्या घरची म्हातारी पंकजाची गडबड बघून म्हणाली, "हिकडं कशाला फिरतीस? तुझ्या भिंतीपल्याड तर हाय. भीमी रोज मोठमोठ्यानं वाचती. आमाला समद्यांना पाठ झालं."

पंकजाला हे माहीत नव्हतं असं नाही. ती फक्त ते टाळत होती.

भीमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. चष्मा लावलेला, मांडीवर 'जोडून बघू'. खांद्यावरून घसरणारं ब्लाऊज दर दोन ओळींनी वर ओढत होत्या. पूर्वी त्यांचं ब्लाऊज छबूबाई शिवत; भांडण झाल्यापासून त्या ते श्रीगोंद्याला शिवायला टाकत आणि ते कधीच धड बसत नसे.

"काकी, एक काम होतं. ते पुस्तक थोडा वेळ मिळेल का?"

भीमाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "वाण परत मागतीस व्हय गं?"

"परत नाही हो! तासाभरासाठी. नाहीतर फक्त फोटो काढते."

"फोटोत काय पान उलटतंय?" भीमाबाईंनी पुस्तक छातीशी धरलं. "आन् तुला एक सांगते. पुस्तक चांगलं हाय, पन निम्मंच हाय. हितं लिवलंय, 'आता चाक बसवा.' कुटलं चाक? 'आता स्प्रिंग अडकवा.' कुटली स्प्रिंग? माज्या घरात समदं आदीच जोडलेलं. मी काय जोडू? रोज वाचते आन् रोज हात शिवशिवत्यात माजे."

पंकजाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आमच्याकडे आहे," ती म्हणाली.

"काय हाय?"

"सुटं झालेलं मशीन. अख्खं. ताटभर स्क्रू आहेत."

भीमाबाईंचे डोळे चष्म्याआड चमकले. त्यांनी मान फिरवली, पुन्हा वळवली. मग म्हणाल्या, "त्या घराचा उंबरा मी हळदीकुंकवाबिगर वलांडत न्हाई. तुला ठावं हाय."

"रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू कधीही करता येतं," पंकजा म्हणाली. ती घरी पळाली, करंडा घेऊन आली, ओट्यावरच भीमाबाईंच्या कपाळाला हळद आणि कुंकू लावलं आणि रीतसर म्हणाली, "आमच्याकडे आत्ता हळदीकुंकू आहे. यायचं हं."

"किती बाया हायेत?"

"तुम्ही एकट्याच."

भीमाबाईंनी साडी बदलली. म्हणाल्या, बोलावणं आहे तर नीट जायला पाहिजे. पंकजा घड्याळाकडे बघत उभी राहिली. शेवटी इस्त्रीची जांभळी साडी नेसून, पुस्तक पदरात धरून भीमाबाई मोठ्या जावेच्या घरात शिरल्या आणि गोधडीवर पसरलेलं मशीन बघून त्यांच्या तोंडून नुसतं "आई गं!" निघालं. दुःखाने नव्हे. जत्रेतला पाळणा बघून मूल म्हणतं तसं.

अडचण एकच होती. आण्णा म्हणजे मोठे दीर. मोठ्या दिराशी भीमाबाई तोंड वर करून कधी बोलल्या नव्हत्या, आणि आण्णांनीही धाकट्या भावजयीला कधी थेट हाक मारली नव्हती. दोघं गोधडीच्या दोन टोकांना बसले, पंकजा मध्ये.

"त्यास्नी म्हनावं," भीमाबाई पदर सावरत म्हणाल्या, "आदी खालचा दांडा घ्या."

"आण्णा, खालचा दांडा घ्या."

"तिला विचार, जाड का बारीक?"

"काकी, जाड की—"

"ऐकलं मी. जाड."

"आण्णा, जाड."

"ऐकलं की. मी काय बहिरा हाय?"

अशा रीतीने दांडा बसला. चाक बसलं. भीमाबाई बोट ठेवून ओळ वाचत आणि आण्णा दुसऱ्या पुस्तकातल्या चित्राशी भाग ताडून बघत. एका पुस्तकात प्रत्येक वस्तूचं नाव होतं आणि दुसऱ्यात तिची जागा. दोन्ही पुस्तकं आठवड्यानंतर पहिल्यांदाच शेजारी शेजारी पडली होती. सुईचा दांडा बसवताना आण्णांनी तो उलटा धरला आणि जोर लावला. मोडणार, तेवढ्यात भीमाबाई ओरडल्या, "भावजी, उलटं! उलटं धरलंय! सोडा, सोडा!"

 भीमाबाईंनी जीभ चावली. आण्णांनी दांडा सुलटा केला. तो टकदिशी बसला.

"बरी वराडलीस," आण्णा म्हणाले. "मोडलाच असता."

त्यानंतर पंकजाची गरज उरली नाही. ती चहाचं आधण ठेवायला गेली. आतून तिला दोघांचे आवाज ऐकू येत होते. "ती चकती द्या." "ही?" "ती न्हवं, बारकी." "हिला काय म्हनत्यात?" "शटल. तुमच्याच पुस्तकात हाय, बगा की नीट." पंकजाला वाटलं, आपल्या वर्गात असा गलबला एक दिवस जरी झाला, तरी नोकरी सार्थकी लागेल.

शेवटचा स्क्रू पिळला गेला. आण्णांनी चाकाला हात लावला. सुई वर गेली, खाली आली, वर गेली. भीमाबाईंनी स्टुलावर बसून पायपट्टी दाबली. मशीन चालू लागलं आणि काय आश्चर्य, खडखड नाही! नुसती बारीक सुरसुर. आण्णांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं.

"थांबा," भीमाबाई म्हणाल्या. "एक राहिली."

ताटाच्या कडेला तेलाच्या काळ्या राड्यात एक बारकी, गोल चकती होती. मध्ये भोक, भोकात आटे. आण्णांनी 'खोलून बघू' पहिल्यापासून चाळलं. अशी वस्तू कुठे नव्हती. भीमाबाईंनी 'जोडून बघू' चाळलं. त्यातही नव्हती. मात्र शेवटच्या पानावर चौकटीत एक सूचना होती, ती त्यांनी वाचली: 'उरलेला भाग फेकू नका. तो कुठला तरी असतोच.'

"ही कुटनं निघाली?" त्यांनी विचारलं.

"मशीन आडवं केलं तवा बुडातनं पडली. तेलाच्या चिखलात माखल्याली. हीच खडखडत असनार बग."

"मग बिनकामाची न्हाई. कुटंतरी बसनारच. फिरवा चाक."

भीमाबाईंनी ती चकती एका स्क्रूला लावून बघितली. आटे जमेनात. दुसऱ्याला लावली. सैल. सुईच्या दांड्याला, दाबपट्टीला, झाकणाच्या खिळ्याला. त्या जोडण्याच्या नादात एवढ्या बुडाल्या होत्या, की दारात गाडी थांबली, दार वाजलं, पिशव्या खाली ठेवल्या गेल्या, यातलं त्यांना काही ऐकू आलं नाही. पंकजा चहाचा कप घेऊन उंबऱ्यात पुतळ्यासारखी उभी राहिली. आण्णांनी पाय जवळ घेतले.

मधल्या खोलीच्या दारात छबूबाई उभ्या होत्या.

त्यांना दिसलं ते असं: गोधडी, गोधडीवर काळे डाग, नवरा कोपरापर्यंत तेलात, आणि वडिलांनी दिलेल्या मशीनपुढे, त्यांच्या स्वतःच्या स्टुलावर, भीमाबाई. छबूबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांनी तोंड उघडलं.

पण त्यांच्या आधी भीमाबाई बोलल्या. मान वर न करता, जणू काल संध्याकाळीच गप्पा अर्ध्या राहिल्या होत्या अशा.

"आक्का, बरं झालं आलीस. ही चकती कुटं बसती सांग बरं. दोनी पुस्तकांत न्हाई. मघाधरनं जीव खाती माजा."

बोलून गेल्यावर आपण कुणाशी बोललो ते भीमाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांचा हात तसाच पुढे राहिला. तळहातावर ती काळी चकती.

छबूबाईंनी ती उचलली. पदराच्या टोकाने पुसली. तेल निघालं तसा आतून पिवळा रंग उजळला. त्यांनी ती उजेडात धरली आणि त्या खाली बसल्या. एकदम, आधार न घेता. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं तबक कशावर ठेवलं होतं, कुडी काढून बघताना भीमी कशाला टेकून उभी होती, हे त्यांना आता, इतक्या वर्षांनी, स्वच्छ आठवलं. त्यांनी ती चकती आता मुठीत लपवली असती तरी कुणाला कळलं नसतं. पंकजाला ती नट वाटत होती, आण्णांना वायसर.

"ही मशीनची न्हाई," छबूबाई म्हणाल्या.

"मग कशाची?"

छबूबाईंनी कानामागे हात नेला आणि व्हॉल्वट्यूबचा तुकडा ओढून काढला. मग मान वळवली, दरवर्षी वळवत तशीच.

"हितं बशिव."

भीमाबाई सवयीने पुढे झुकल्या. कुडीच्या दांड्यावर चकती ठेवून त्यांनी फिरवली. एक वेढा गेला. दुसरा गेला. आटे बरोबर जुळले होते. तिसऱ्या वेढ्याला त्यांचं बोट थांबलं.

"आक्का," त्या म्हणाल्या, "ही तर—"

"व्हय."

"मशीनीत हुती?"

"व्हय गं."

"आन् तू मला चारचौघींत—"

"व्हय."  छबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्याच पदराने नाक पुसत भीमाबाईंच्या खांद्याकडे बघितलं. "हे ब्लाऊज कोनी शिवलं तुजं? पोतं तरी नीट बसंल. खांदा बग कुटं चाललाय. काढून दे, आत्ताच्या आत्ता उसवते."

"आदी म्हन."

"काय म्हनू?"

"चुकलं म्हन. मग उसव."

आण्णा गोधडीची दशी विणू लागले.  छबूबाईंनी उभ्या आयुष्यात हा शब्द सुनेला, मुलाला, नवऱ्याला, कुणाला म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"चुकलं," छबूबाई म्हणाल्या. "लई चुकलं, भिमे."

"बास," भीमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिसरा वेढा पुरा केला.

पंकजाने चहाचा कप पुढे केला. दोघींना तो एकच होता; दोघींनी बशीत ओतून वाटून घेतला. चहा पिताना छबूबाईंनी मशीनवरून हात फिरवला, चाक फिरवलं, पायपट्टी दाबली. सुरसुर आवाज आला. त्यांनी पाय उचलला. खोलीतल्या सगळ्यांना आता काय येणार ते माहीत होतं.

"मशीन कोनी खोललं?"

"मी फक्त जोडलं," भीमाबाई घाईने म्हणाल्या.

पंकजा आणि भीमाबाई, दोघींनी एकाच वेळी आण्णांकडे बोट दाखवलं. आण्णा उठून उभे राहिले. रेडिओच्या वेळी उभे राहिले होते तसे, हात मागे बांधून.

छबूबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. कानातली कुडी चाचपली. आणि मग त्यांचा आवाज भिंतीपल्याड जाईल एवढा चढला.

"एवढी वर्सं! एवढी वर्सं ह्या घरात मशीन खडखडतंय, आन् तुमाला एक डाव खोलून बघायचं सुचलं न्हाई? बापई मानूस ना तुमी? माजी जाऊ गेली, बोलनं गेलं, आन् तुमी नुस्तं ऐकत बसलाव?"

"तूच म्हनायचीस, हात लावला तर—" असं आण्णांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी संसारात बरंच वजन तोललं होतं. ते वाक्य त्यांनी गिळलं आणि पुस्तक उचलून छबूबाईंपुढे धरलं.

"मी काय करू?" ते म्हणाले. "पुस्तकच आत्ता आलं."